लघवीच्या वाटेवरचा क्षय : दीडशे वर्षांची गोष्ट

आजचा विषय थोडा लाजेचा वाटेल, पण ऐकून घ्या. टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो, छातीचा फोटो आठवतो. हाच टीबी किडनीत आणि लघवीच्या नळीतही होतो, हे आपल्यापैकी अनेकींना माहीत नसतं. खोकला चारचौघांना ऐकू जातो, म्हणून लोक दवाखान्यात पाठवतात. लघवीचं दुखणं बाई कुणाला सांगत नाही. म्हणून हा आजार वर्षानुवर्षं लपून राहतो आणि गुपचूप एक किडनी खाऊन टाकतो. माणसाला तो कसा कळत गेला, त्याचा इतिहास आज सांगते. इतिहास एवढ्यासाठी की त्यातूनच आपण आज काय विचारायचं, ते समजतं.

क्षय आपल्याकडे फार जुना. चरकसंहितेत राजयक्ष्म्यावर वेगळा अध्याय आहे. त्यात चंद्राची गोष्ट येते. दक्षाच्या मुली चंद्राला दिलेल्या. तो एकट्या रोहिणीवरच जीव लावायचा. बाकीच्या बहिणींनी बापाकडे तक्रार केली, दक्ष रागावला आणि चंद्र झिजू लागला. कलेकलेने झिजणं म्हणजे क्षय. जुन्या लोकांनी झिजणं बरोबर पाहिलं होतं. कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत. १८८३ साली त्या बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाचं काम त्यांची वाट पाहत होतं. ते काम सुरू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्या क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तेव्हा क्षयाचा जंतू सापडून जवळपास पाच वर्षं झाली होती, पण त्यावर औषध जगात कुठेच नव्हतं. जंतू माहीत आहे आणि इलाज नाही, अशी साठ वर्षं गेली. त्यात किती आनंदीबाई गेल्या असतील, विचार करा.

आता लघवीच्या नळीकडे येऊ. आपल्या दोन किडन्या कंबरेच्या वर, पाठीच्या बाजूला असतात. त्या रक्त गाळतात आणि लघवी तयार करतात. प्रत्येक किडनीतून एक बारीक नळी खाली मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत जाते. तिला मूत्रवाहिनी म्हणतात. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर, एका वितीपेक्षा थोडी जास्त. जाडी मात्र जेमतेम ३-४ मिलिमीटर. आपल्याला वाटतं, लघवी आपोआप खाली गळत असेल. तसं असतं तर आडवं झोपल्यावर काय झालं असतं? ही नळी स्नायूची आहे. ती वरून खाली आकुंचन पावत जाते आणि लघवीचा थेंब थेंब पुढे ढकलते. गांडूळ सरकताना त्याच्या अंगावरून लाट जाते ना, तशीच ही लाट. मिनिटाला साधारण दोन ते सहा वेळा, दिवसरात्र, आपल्या नकळत.

ही लाट नीट तपासली टेओडोर एंगलमान या शास्त्रज्ञाने. तो हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात काम करायचा. १८६९ साली त्याने जनावरांच्या मूत्रवाहिन्यांवर प्रयोग करून दाखवलं की नळीचा तुकडा कापून वेगळा ठेवला, तरी त्यात लाट येते. याचा अर्थ प्रत्येक लाटेसाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. लाट स्नायूतच जन्मते आणि एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे जाते. बचत गटाच्या बैठकीचा निरोप जसा एका घरातून दुसऱ्या घरात जातो, तसंच. मधलं एक घर बंद असलं तर? निरोप तिथेच अडकतो. हे घर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच १८६९ साली जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव झिमोन या सर्जनने मार्गारेटा क्लेब नावाच्या बाईची एक किडनी काढली. आधीच्या एका ऑपरेशनमध्ये तिच्या मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि लघवी सतत बाहेर गळत होती. एका किडनीवर माणूस जगतो की नाही, तेव्हा कुणाला खात्री नव्हती. ती बाई जगली. ठरवून किडनी काढण्याची जगातली ही पहिली शस्त्रक्रिया मानतात. पुढे क्षयाने खराब झालेल्या किडनीवर कित्येक वर्षं हाच एक उपाय उरला.

लाट स्नायूत जन्मते हे कळलं, पण ती उठते कशाने? याचं उत्तर मिठाच्या पाण्यात सापडलं. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून धडधडत ठेवायचे. आधी वाटलं, नुसत्या मिठाच्या पाण्यावर काम भागतं. मग लक्षात आलं, त्या वेळी पाणी शुद्ध केलेलं नव्हतं, नळाचं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय थांबायचं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, म्हणजे चुन्यातला अंश. तो घातला की हृदय पुन्हा चालायचं. हे १८८३ साली छापून आलं. ज्या वर्षी आनंदीबाई बोटीत बसल्या, त्याच वर्षी. दवाखान्यात सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं असतं, नर्स त्याला ‘आरएल’ म्हणतात. ते नाव याच रिंगरचं.

मैत्रिणींनो, मिठाची गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. भाईंदरच्या खाडीकाठी मिठागरं आहेतच. भरतीचं पाणी आत घ्यायचं तर बांधातली झडप उघडायची, हवं तेवढं पाणी आलं की बंद करायची. झडप मोडली की आगर बुडतं, झडप गाळाने बुजली की आगर कोरडं पडतं. आपल्या शरीरातली प्रत्येक स्नायूपेशी अशीच एक बारीकशी कोंडी आहे. पेशीच्या बाहेर सोडियम आणि कॅल्शियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. हे क्षार पाण्यात विरघळले की विजेचा भार घेऊन फिरतात, त्यांना आयन म्हणतात. पेशीच्या भिंतीत त्यांच्यासाठी वेगवेगळी दारं असतात. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं, कॅल्शियमचं वेगळं. या दारांना आयन वाहिन्या म्हणतात.

किडनीतून लघवी जिथे नळीत उतरते, तिथे काही पेशी आपणहून ठेका धरतात. त्यांचा इशारा नळीच्या स्नायूला मिळाला की कॅल्शियमची दारं उघडतात. कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आवळतो. मग पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियमची दारं मिटतात आणि पेशी सैल होते. आत आलेलं कॅल्शियम परत बाहेर टाकलं जातं. तोवर इशारा शेजारच्या पेशीकडे पोचलेला असतो. आवळणं आणि सैल होणं, आवळणं आणि सैल होणं, अशी लाट किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाते. घरात कुणाला बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी असेल, तर ती रक्तवाहिनीच्या स्नायूतली ही कॅल्शियमची दारंच थोडी मिटवते. म्हणून रक्तवाहिनी सैल होते आणि बीपी उतरतो.

ही दारं खरोखर आहेत, हे सिद्ध व्हायला फार वर्षं लागली. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी त्यांचा हिशेब मांडला. त्यासाठी त्यांनी काय वापरलं? माकूळ! उत्तनच्या बाजारात आपल्या कोळीणबाया विकतात ती माकूळ. तिच्या अंगात एक जाड नस असते, इतकी जाड की तिच्यात बारीक तार घालून वीज मोजता येते. आत-बाहेर जाणाऱ्या सोडियम-पोटॅशियममुळेच नसेतून इशारा जातो, हे त्यांनी दाखवलं. १९७६ मध्ये नेहर आणि झाकमान या जर्मन शास्त्रज्ञांनी तर एकेका दारातून जाणारी वीज मोजली. दोन्ही जोड्यांना पुढे नोबेल पारितोषिक मिळालं.

आता या नळीत क्षय कसा शिरतो ते पाहू. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. हा जंतू श्वासातून फुप्फुसात येतो आणि तिथून रक्ताबरोबर किडनीत पोचू शकतो. तिथे शरीर त्याच्याभोवती गाठ बांधून त्याला कोंडून ठेवतं. तो पाच वर्षं, दहा वर्षं, कधी वीस वर्षंही गप्प बसतो. अंगातली ताकद कमी झाली, पोषण तुटलं, मधुमेह झाला की गाठ फुटते आणि जंतू लघवीबरोबर खाली उतरतात.

मग मूत्रवाहिनीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात, भिंत सुजते आणि लाट क्षीण होते. व्रण भरताना तिथे वण तयार होतो. भाजल्याच्या जागेची कातडी कशी आखडते, ते चुलीशी बसणाऱ्या आपल्याला माहीत आहे. नळी आतून तशीच आखडते, बहुतेक वेळा मूत्राशयाजवळच्या खालच्या टोकाला. वणात स्नायूची पेशी नसते. पेशी नाही, म्हणून तिची कॅल्शियमची, पोटॅशियमची दारंही नाहीत. निरोप देणाऱ्या घरांच्या ओळीतलं मधलं घर ते हेच. लाट वरून येते आणि वणापाशी संपते. वाटही अरुंद झालेली असते. लघवी मागे तुंबते, किडनी फुगते आणि हळूहळू निकामी होते. मूत्राशयाचीही भिंत आखडली तर पिशवी छोटी होते आणि बाईला दर अर्ध्या तासाला जावं लागतं.

यातली घातकी गोष्ट अशी की मुतखडा अचानक अडकतो म्हणून असह्य कळ येते. क्षय सावकाश वाट बंद करतो, म्हणून बरेचदा फारसं दुखतच नाही.

इलाजाचा इतिहासही असाच सावकाश चालला. आधी वाटायचं, एक किडनी बिघडली, ती काढली की आजार गेला. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या एडगर मेडलर यांनी फुप्फुसाच्या क्षयाने मेलेल्या लोकांच्या किडन्या तपासल्या. त्यांना दोन्ही किडन्यांत बारीक बारीक व्रण सापडले, काही तर भरून आलेले. म्हणजे हा एका बाजूचा आजार नव्हता, सगळ्या अंगाचा होता. १९२९ मध्ये मोझेस स्विक या तरुण डॉक्टरने बर्लिनला एक औषध शिरेतून देऊन एक्स-रेमध्ये मूत्रवाहिनी दिसते, हे दाखवून दिलं. तेव्हापासून आखडलेली नळी जिवंतपणी दिसू लागली. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स विल्डबोल्ट्स यांनी मूत्रमार्ग आणि जननेंद्रियांचा क्षय असं एकत्र नाव रूढ केलं. बायकांच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, कारण हाच जंतू गर्भनळीतही बसतो. मूल होत नाही म्हणून सासरी बोलणी खाणाऱ्या काही बायांच्या पोटात हा क्षय असतो, हे आजही खरं आहे.

आपल्याकडे तेव्हा पाचगणी आणि मिरजेजवळचं वानलेसवाडी अशा ठिकाणी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामं होती. चांगली हवा, आराम, दूध-अंडी, हाच इलाज. महिनोन् महिने घर सोडून राहायचं. चूल, लेकरं, शेत, मजुरी टाकून कोणती बाई तिथे जाऊन राहू शकली असती?

औषध आलं १९४३ नंतर. अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला मातीतल्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं. पुढे पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स कारखान्यातही ते बनू लागलं. १९५२ मध्ये आयसोनियाझिडची स्वस्त गोळी आली. म्हणजे ज्या वर्षी माकुळीच्या नसेतली दारं उलगडली, त्याच वर्षी गरिबाला परवडणारी क्षयाची गोळी मिळाली.

आणि १९५९ साली आपल्याच देशात, मद्रासला, एक फार मोठी गोष्ट सिद्ध झाली. तिथल्या केंद्राने फुप्फुसाच्या टीबीचे काही रोगी आरोग्यधामात ठेवले आणि काहींना घरीच औषध दिलं. घरचे रोगी गरीब, दाटीवाटीच्या घरात राहणारे, जेवण बेताचं. तरीही औषध नीट घेतल्यावर तेही जवळपास तितकेच बरे झाले. घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. क्षयाची बाई घर न सोडता बरी होऊ शकते, हे त्या दिवशी जगाला कळलं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात बायांच्या सगळ्यात कामी आलेला शोध हाच.

नंतर रिफाम्पिसिन आलं आणि इलाज महिन्यांवर आला. १९७८ मध्ये फिनी यांनी दोन्ही टोकांना वाकडी असलेली मऊ नळी तयार केली. ती मूत्रवाहिनीत ठेवली की आखडलेल्या जागेतून लघवी वाहत राहते. आज दवाखान्यात ‘डीजे स्टेंट’ म्हणतात तो हाच. वेळेवर कळलं तर किडनी वाचवता येते. आधी ती कापूनच काढत होते.

आता आजचं बोलू. आमच्या एका गटातल्या ताईंना दोन वर्षं ‘उन्हाळी’ लागत होती. जळजळ, रात्रीत पाच-सहा वेळा उठणं, मधूनच लालसर लघवी. घरच्यांनी धने-जिऱ्याचं पाणी दिलं. एका खाजगी दवाखान्यात दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्या मिळायच्या, थोडं बरं वाटायचं, पुन्हा सुरू. रिपोर्टमध्ये ‘पस सेल’ भरपूर, पण कल्चरमध्ये काहीच उगवायचं नाही. शेवटी सोनोग्राफीत एक किडनी फुगलेली दिसली आणि तपासात टीबी निघाला. त्यांची किडनी स्टेंट घालून वाचली, पण पूर्वीएवढं काम ती करत नाही.

यातून आपण काय घ्यायचं? उन्हाळी प्रत्येकीला कधीतरी लागते आणि बहुतेक वेळा तो टीबी नसतो. घाबरायचं नाही. पण त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, लघवीत पस सेल असूनही साध्या कल्चरमध्ये जंतू सापडत नसेल, लघवीतून रक्त जात असेल, बारीक ताप किंवा वजन घटणं सोबत असेल, घरात पूर्वी कुणाला टीबी झाला असेल, तर डॉक्टरांना सरळ विचारायचं, “लघवीची टीबीची तपासणी करायची का?” साध्या कल्चरमध्ये हा जंतू उगवत नाही, त्याची तपासणी वेगळी असते. पहाटेची पहिली लघवी, सलग काही दिवस द्यावी लागते. सीबीनॅटसारख्या यंत्रावरही तपासतात. काही अँटिबायोटिक गोळ्या या जंतूला थोडे दिवस दाबून टाकतात, म्हणून मनाने दुकानातून गोळी आणून खायची नाही.

टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे. साधारण सहा महिने, डॉक्टर सांगतील तर जास्त. पोषणासाठी निक्षय योजनेतून महिन्याला १००० रुपये बँक खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम वाढली आहे. औषध सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होते. ते रक्त नाही, रिफाम्पिसिनचा रंग आहे. त्या भीतीने गोळ्या सोडू नका. हेच औषध माला-एनसारख्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतं, म्हणून पाळणा लांबवण्यासाठी दुसरं साधन नर्सताईला विचारा. बरं वाटलं तरी मधे मधे सोनोग्राफी करायची. व्रण भरताना नळी आणखी आखडू शकते, हे मघाशी सांगितलंच. आणि घरच्यांना सांगा, नुसत्या किडनीचा टीबी खोकल्यातून पसरत नाही. फुप्फुसात आहे का ते छातीच्या फोटोवरून कळेल. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही.

बैठकीत आपण हप्ते, व्याज, कर्ज सगळं मोकळेपणी बोलतो. येत्या बैठकीत एक प्रश्न वाढवा. “कुणाला लघवीचा त्रास बरेच दिवस आहे का?” चारचौघीत बोलवत नसेल तर नंतर एकटीला बाजूला घेऊन विचारा. जिचं उत्तर ‘हो’ येईल, तिला एकटीला पाठवू नका. कुणीतरी सोबत जा, जुने सगळे रिपोर्ट पिशवीत घ्या आणि केसपेपर निघेपर्यंत तिच्याबरोबर थांबा.